दोन विसार

मोटरसायकल कोणती घ्यायची हे बारकीनं दीड वर्षापूर्वीच ठरवून टाकलं होतं. प्रश्न उरला होता भाव कोण करणार याचा, आणि या घरात तो वस्तूपेक्षा मोठा असतो.

जुनं फर्निचर विकत घ्यायचं, त्याला तासून-घासून उभं करायचं आणि पुन्हा विकायचं, यावर ज्या घराच्या दोन पिढ्या जगल्या, तिथली मुलं पाढ्यांच्या आधी घासाघीस शिकली यात नवल नाही. आजोबांनी एक नियम घालून दिला होता. ज्याला वस्तू हवी, त्यानं दुकानात तोंड उघडायचं नाही. हवं असणं माणसाच्या आवाजात उतरतं आणि समोरच्याला ते बरोबर ऐकू येतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे बारकीची शाळेची सायकल आत्यानं घेतली, तेव्हा बारकी दुकानाबाहेर खांबाला टेकून आभाळ बघत उभी होती. तिच्या आईचा चष्मासुद्धा काकांनी भाव करून आणला होता. बाबांनी मात्र आयुष्यात एकदा स्वतः जाऊन स्वतःसाठी छत्री घेतली, सांगितलेल्या किमतीला, आणि त्यानंतर घरात कुणी त्यांना एकट्यानं खरेदीला पाठवलं नाही.

बारकी आता सत्तावीस वर्षांची होती. दातांच्या टोप्या बनवणाऱ्या लॅबमध्ये ती दिवसभर भिंगाखाली लोकांच्या दाढा घडवायची. चार वर्षं डबा घरून नेऊन, सहलींना नाही म्हणून तिनं साडेतीन लाख जमवले होते. साडेतीन म्हणजे साडेतीन, वर एक हजार नाही, आणि कर्ज तिला काढायचं नव्हतं. तिच्या मनातली बाईक एकाच शोरूममध्ये शिल्लक होती. राखाडी रंग, खाली वाकलेलं हँडल, पोट टाकीला टेकवून बसायची ती ठेवण. किमतीची पाटी होती तीन लाख ब्याण्णव हजारांची. पुढच्या महिन्यात नवं मॉडेल येणार होतं आणि ते आणखी चाळीस हजारांनी महाग. ही एक हातची गेली की पुढची गाडी दोन वर्षं लांब होती, हे बारकीला पक्कं माहीत होतं.

बाबांनी सगळा घोळ घातला, आणि तो चांगुलपणानं घातला. काका आणि आत्या, म्हणजे त्यांचा थोरला भाऊ आणि धाकटी बहीण, सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. निरोप असले तर ते मधल्यामार्फत, म्हणजे बाबांमार्फत जायचे. दुकानाची वाटणी झाली, आत्यानं तिचा वाटा घेऊन दोन गल्ल्या सोडून खुर्च्या-सोफ्यांना कापड बसवायचं स्वतःचं दुकान टाकलं, एवढंच बारकीला ठाऊक होतं. भांडण झालेलं कुणी ऐकलं नव्हतं. बारकीला कुठल्याही गोष्टीच्या आत काय आहे ते बघायची खोड, पण हे झाकण तिला कधी उघडता आलं नाही. विचारलं की आई भाजी निवडायला घ्यायची आणि बाबा, निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर, खिडकीबाहेरच्या झाडाचं कौतुक करायचे.

तर रविवारी काका म्हणाले, पोरीच्या गाडीचा भाव मी करणार, मी थोरला आहे. बाबा म्हणाले, अर्थात, तूच. सोमवारी आत्या म्हणाली, तिची पहिली सायकल मी घेतली, गाडीही मीच घेणार. बाबा म्हणाले, हे काय विचारणं झालं. मग दोघांपैकी कुणाला काय सांगायचं या विचारात ते चार दिवस मूग गिळून बसले. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं.

शनिवारी सकाळी आत्या बारकीला घेऊन निघाली. रस्ताभर तिची शिकवणी चालू होती. बुधवारी ती एकटीच जाऊन आली होती. आधी जाऊन अंदाज घ्यायचा, कुणासाठी हवंय ते सांगायचं नाही, वस्तूत चार खोडी काढायच्या, आणि निघताना थोडा विसार ठेवून यायचं, म्हणजे वस्तू दुसऱ्याकडे जात नाही, ही आजोबांची पद्धत. आत्यानं पाच हजारांचा विसार ठेवला होता आणि भाव तीन अडुसष्टवर आणला होता. आज तो साडेतीनवर येणार याबद्दल तिला शंका नव्हती.

"तू हेल्मेटांकडे बघत राहायचं," ती म्हणाली. "बाईककडे बघायचं नाही. चुकून बघितलंस तर जांभई दे."

शोरूम काचेची होती आणि आत नव्या रबराचा वास होता. राखाडी बाईक कोपऱ्यात, खिडकीपाशी तिरकी उभी होती. बारकीनं तिच्याकडे बघितलं आणि इमानदारीत जांभई दिली.

मॅनेजरबाई पन्नाशीच्या होत्या, चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला, बोलणं हळू. त्यांनी आत्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग वाईट बातमी दिली. बुधवारचा भाव आता राहिलेला नाही. गुरुवारी दुसरी एक पार्टी येऊन गेली, त्यांनीही विसार ठेवलाय, दहा हजारांचा. ते आज अकरा वाजता येणार आहेत. तेव्हा आता तीन ऐंशीच्या खाली यायचं काही कारण त्यांना दिसत नव्हतं.

आत्याच्या नाकपुड्या फुगल्या. असली खोटी दुसरी पार्टी तिनं स्वतः गिऱ्हाइकांना कितीदा दाखवली होती. कोण पार्टी, कशी होती, तिनं अगदी गोड आवाजात विचारलं.

मॅनेजरबाई आठवून सांगू लागल्या. उंच गृहस्थ. पांढऱ्या मिशा. गाडी चालवून बघितली नाही, इंजिनाचं काही विचारलं नाही. बोटाच्या पेरानं सगळीकडे ठोकत मात्र होते. टाकीवर ठोकलं, पुढच्या आवरणावर ठोकलं, मग खाली बसून कान लावून पुन्हा ठोकलं. म्हणाले, आतून पोकळ वाटतंय.

हेल्मेटांपाशी उभ्या असलेल्या बारकीनं एक हेल्मेट घाईघाईनं डोक्यात घातलं आणि काच खाली ओढली. जगात एकच माणूस मोटरसायकलला कपाटासारखं ठोकून बघेल. तिला हसू आवरेना. म्हणजे घरातली दोन सगळ्यात चिवट माणसं एकाच वस्तूवर एकमेकांविरुद्ध बसली होती, आणि ती वस्तू तिची होती.

आत्यालाही कळलं होतं. तिनं पर्स मांडीवर घेऊन दोन्ही हात तिच्यावर ठेवले. तिची पाठ ताठ झाली, आणि बारकीला वाटलं की आता उठून बाहेर जावं, काकांना फाटकापाशी गाठावं आणि परत पाठवावं. ती दाराशी पोचेपर्यंत अकरा वाजले. काका वेळेचे पक्के. त्यांच्यामागे बाबा येत होते, चेहरा असा की हातातली छत्री उघडून तिच्याआड लपायला त्यांना आवडलं असतं.

त्यानंतरचा पाव तास बारकी जन्मात विसरणार नव्हती. काका आत्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसले, दोघांमध्ये एक हात अंतर, आणि दोघंही समोर बघत होते. काका बाबांना म्हणाले की त्यांना सांग, थोरल्यांनी हाती घेतलेल्या कामात लुडबुड करू नये. बाबांनी आत्याकडे वळून तोंड उघडलं, तोवर आत्या बाबांना म्हणाली की त्यांना सांग, विसार आधी माझा आहे. बाबा पुन्हा काकांकडे वळले. मॅनेजरबाई टेनिसचा सामना बघावा तशा बघत होत्या, आणि एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनाही हे नवीन असावं, कारण त्यांनी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला.

"माझे तीन सत्तर," आत्या म्हणाली.

"तीन चौऱ्याहत्तर," काका म्हणाले.

"शहात्तर."

बारकीला आधी वाटलं, ही काही चाल असेल. दोघं मिळून बाईंना चकवत असतील, मग एकदम उलटतील. मग तिनं काकांचे कान बघितले. ते लाल झाले होते. ही चाल नव्हती. साडेतीनच्या वरचं दोघं स्वतःच्या खिशातून घालणार होते, पोरीची गाडी मी आणली हे म्हणायला मिळावं म्हणून. ज्यांनी आयुष्यात कुणाला सांगितलेला भाव दिला नव्हता ते दोघं आज स्वतःच भाव चढवत होते, आणि दोघांपैकी कुणाचीही गाडी असली तरी दुसरा ती कधी आपल्या दारात उभी राहू देणार नव्हता. बारकीला ती तशी नको होती. तिला ती तिच्या पैशांत हवी होती, पुरती तिची.

"तीन ऐंशी," काका म्हणाले. "आणि त्यांना सांग, संपलं."

बारकीनं हेल्मेट काढलं. केस विस्कटले होते, ते तिनं तसेच राहू दिले आणि ती टेबलापाशी आली. आत्यानं तिच्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. काकांनीही तशीच हलवली.

"मॅडम, या दोन पार्ट्या नाहीत," बारकी म्हणाली. "हे माझे काका, ही माझी आत्या आणि ते माझे बाबा. गाडी मला हवीय. माझ्याकडे साडेतीन लाख आहेत. त्यातले पंधरा हजार यांनी आधीच तुमच्याकडे ठेवलेत, ते मी यांना परत देईन. त्याच्या वर माझ्याकडे काही नाही, आणि यांच्याकडून मी घेणार नाही."

बाबांनी डोळे मिटले. आत्या पुटपुटली, गेलं सगळं.

बारकीला मात्र आता थांबवत नव्हतं. गेल्या दीड वर्षात या एका बाईकबद्दल तिला इतके प्रश्न पडले होते आणि आज पहिल्यांदा ते विचारायला समोर माणूस होतं. तिनं विचारलं, ही इथे किती दिवस उभी आहे? टायरवरचा आकडा मी मागेच वाचला होता, टायर गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातलं आहे. उभ्या गाडीची बॅटरी तुम्ही किती दिवसांनी भारता? नवं मॉडेल आलं की हिची पाटी बदलते की ही मागच्या गोदामात जाते? आणि तीन ब्याण्णवमधले गाडीचे किती, विम्याचे किती आणि तुमच्या त्या हाताळणी खर्चाचे किती? हे भाव पाडायला नाही विचारत, मला खरंच जाणून घ्यायचंय.

मॅनेजरबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे जरा वेळ बघितलं. मग त्यांनी एक कोरा कागद ओढला आणि खरोखरच लिहून दाखवायला लागल्या. गाडीचे एवढे. नोंदणीचे एवढे, ते आमच्या हातात नाहीत. विम्याचे एवढे, ते तुम्ही बाहेरून घेतलेत तर सहा हजारांनी कमी. हाताळणी खर्च म्हणजे, त्या म्हणाल्या आणि थोडं हसल्या, आम्ही गाडीला हात लावल्याचे. सात महिने उभी आहे ही. रंग कुणाला आवडत नाही. दर तीन आठवड्यांनी बॅटरी भारतो. पंधरा तारखेला ही जागा रिकामी करायचीय. बारकी टेबलावर कोपरं टेकून बघत होती, लॅबमध्ये बघते तशी, आणि शेजारी दोन पिढ्यांचा अनुभव गप्प बसला होता.

"साडेतीन," मॅनेजरबाई शेवटी म्हणाल्या. "कागदपत्रांसकट, आणि दोन्ही विसार त्यातच. हेल्मेट वेगळं. चालेल?"

बारकी हो म्हणाली. तिचा आवाज चिरकला. नियमाप्रमाणे ही सर्वांत वाईट गोष्ट होती, पण आता काही उपयोग नव्हता.

कागद भरले गेले, सह्या झाल्या, पैसे गेले. बाबांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि नाक पुसलं. पुढच्या आठवड्यात नंबर येईल, तोवर तात्पुरती पाटी. गाडी पुसून मागच्या अंगणात आणतो, तिकडे थांबा, असं बाईंनी सांगितलं.

अंगणात सिमेंटची जमीन होती, एका बाजूला रिकामी खोकी रचलेली आणि पत्र्याच्या शेडखाली दोन बाकडी. चौघं तिथे येऊन उभे राहिले. काका कमरेवर हात ठेवून शोरूमच्या मागच्या दाराकडे बघत होते.

"बाई लगेच साडेतीनला तयार झाली," ते म्हणाले.

"श्वाससुद्धा घेतला नाही," आत्या म्हणाली.

"म्हणजे खाली जागा होती."

"भरपूर. पंधरा तारीख म्हणाली तेव्हाच मला कळलं. तीन पस्तीस."

"तीस," काका म्हणाले. "सात महिने उभी गाडी. कुणालाही न आवडणारा रंग. मी तीसवर आणली असती."

"तू ऐंशी म्हणालास मघाशी."

"आणि तू शहात्तर."

बाबांनी बारकीकडे बघितलं. त्यांच्या लक्षात आलं होतं. बारकीच्याही आलं होतं. मधे कुणी नव्हतं. सहा वर्षांत पहिल्यांदा ती दोघं थेट बोलत होती, बारकीच्या सौद्याला नावं ठेवण्यासाठी का होईना, आणि अजून त्यांच्या ते ध्यानात आलं नव्हतं. बारकीनं चेहरा पडल्यासारखा केला. काका मग तिच्याकडे वळले, खिशातला आकडा असा टेबलावर ठेवतात का म्हणून तिला विचारलं. आत्यानं री ओढली. पंधरा-वीस हजारांचं पाणी केलंस, शिकवलेलं सगळं वाया घालवलंस. बारकी मान खाली घालून ऐकत राहिली. इतकी गोड बोलणी तिनं बऱ्याच दिवसांत खाल्ली नव्हती.

"तरी ती बोलली," आत्या एकदम म्हणाली. आवाज उतरला होता. "हवं होतं तर तोंडानं सांगितलं तिनं. मी नाही सांगितलं."

काकांनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांना कळलं की आपण बघतोय. त्यांनी खोक्याच्या एका कडेला बोटाच्या पेरानं ठोकलं.

"तू त्या दिवशी आकडा ऐकलास आणि सही केलीस," ते म्हणाले. "माझ्यासमोर. तुझ्या वाट्याचे बारा लाख, असं मी म्हणालो, आणि तू पेन मागितलंस. ज्या बाईनं सुतळीचा गुंडासुद्धा कधी सांगितलेल्या भावात घेतला नाही, ती माझा आकडा तसाच घेऊन निघून गेली. परक्या माणसाशी वागावं तशी."

"सख्ख्या भावाशी घासाघीस करायची होती मी? आईबापाच्या दुकानाची?"

"मग कुणाशी करणार होतीस?"

आत्यानं पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"मला वाटलं तू बरोबरच सांगशील," ती म्हणाली. "पहिल्याच दमात. मला मागावं लागणार नाही."

"मी जागा ठेवली होती गं," काका म्हणाले. "तू खेचशील म्हणून खाली सांगितलं होतं. तू खेचशील, मी ओरडेन, तू रडशील, मग मी देईन. तू रडलीसच नाहीस, ठमे."

हे नाव बारकीनं कधी ऐकलं नव्हतं. आत्या एवढीशी होती आणि गोल होती त्या काळातलं ते असणार. घासाघीस या घरात जवळच्या माणसाशी करायची असते आणि गप्प बसून पैसे मोजणं हा अपमान असतो, हे आज कुठे तिच्या लक्षात आलं. दोघंही एकमेकांच्या बोलण्याची वाट बघत बसली होती. एवढंच होतं त्या झाकणाखाली. तिला आत्याचा राग आला, काकांचा आला आणि दोघांना एकदम मिठी मारावी असंही वाटलं, पण ती जागची हलली नाही.

मागचं दार उघडलं. एका कामगारानं बाईक ढकलत आणून अंगणाच्या मधोमध उभी केली. पुसून चकचकीत झालेला राखाडी रंग उन्हात वेगळाच दिसत होता, ढगाला मागून उजेड असावा तसा. त्यानं बारकीच्या तळहातावर किल्ली ठेवली, अभिनंदन म्हटलं आणि तो आत गेला. बाबा गाडीभोवती एक फेरी मारून आले. कुणाला न आवडणारा हा रंग भिजलेल्या पाटीचा आहे, असं त्यांनी मास्तरांच्या गंभीरपणानं सांगितलं.

बाकड्यावर आत्या बसली. जरा वेळानं काकाही बसले, मधे हातभर जागा न सोडता.

"किती ठेवली होतीस जागा, दादा?" आत्यानं विचारलं.

"ते मी का सांगू? तू आकडा बोल."

"वीस."

"वेडी झालीस का? दुकान विकत घेतेस की काय माझं? तेरा."

"तेरा म्हणे. छपरापासून पायरीपर्यंत प्रत्येक खुर्चीची गादी मी भरलीय तिथे. एकोणीस."

बाबा बारकीच्या जवळ आले आणि हळूच म्हणाले, चालू कर की, आवाज तरी ऐकू दे, चार वर्षं थांबलीस. तिलाही तो ऐकायचा होता. किती तरी संध्याकाळी लॅबमधून परतताना दुसऱ्याच्या गाडीवर तो ऐकून ती वाटेत थबकली होती. तिनं पाय टाकून बैठक घेतली, किल्ली लावली आणि हँडलवर हात ठेवले. या गाडीचा आवाज मोठा होता, सगळं अंगण भरून टाकणारा. शेडखाली काका साडेतेरा म्हणाले, आत्या म्हणाली अठराच्या खाली मी उठून जाईन, आणि उठली मात्र नाही. बारकी तशीच बसून राहिली, किल्ली न फिरवता, त्यांचं होईपर्यंत.